दोन पिशव्यांचा हिवाळा

काल सकाळी गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडत होते, तेवढ्यात आमच्या गल्लीतून कौन्सिलचा पिवळा ट्रक गेला. मागून, रस्ता निसरडा होऊ नये म्हणून, तपकिरी मिठाचे खडे उडवत, रस्त्यावर चर्र आवाज करत. शेजारीण दारातूनच कपाळाला हात लावून म्हणाली, "झालं, आला हिवाळा!" आणि मी? मी हातातलं स्क्रेपर उंचावून त्या ट्रकला चक्क सलाम ठोकला. ड्रायव्हरनेही हॉर्न दिला. मागच्या सीटवरून माझी इरा, वय वर्षं नऊ, जन्म ग्लासगोचा, ओरडली, "आई, तू वेडी झाला का?"

"झाले," म्हटलं. "दर वर्षी याच सुमाराला होते."

इथल्या लोकांना हिवाळा कळतो तो अंधारावरून. घड्याळं तासभर मागे जातात, चार वाजता दिवे लागतात, आणि ऑफिसात जो तो व्हिटॅमिन डीच्या गोळ्यांबद्दल बोलायला लागतो. मला मात्र हिवाळा कळतो तो या मिठाच्या आवाजावरून. तो कानावर पडला की आधी पोटात गोळा येतो आणि मग छाती अशी काही फुगते की कोटाचं बटण तुटावं. चार वर्षं झाली त्या हिवाळ्याला, पण दोन्ही गोष्टी अजून त्याच क्रमाने होतात.

मी ज्या कारखान्यात काम करते त्याला आम्ही फॅब म्हणतो. ग्लासगोपासून तासाभरावर, मेंढ्या चरणाऱ्या एका टेकडीच्या पायथ्याशी. तिथे चिप बनतात. फोनमधल्या नाजूक नव्हेत, विजेवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये करंट उघडबंद करणाऱ्या, नखाएवढ्या पण दणकट. बशीएवढ्या पातळ चकतीवर, म्हणजे वेफरवर, अशा शेकडो चिप एकदम घडतात. बाहेर पाऊस आडवा लागलेला असतो, आणि आत हवा अशी की धुळीचा एक कण दिसला तर चौकशी लागते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, उघडे फक्त डोळे. पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना चुकीच्या नावांनी हाका मारल्या. मग हळूहळू चालीवरून माणसं ओळखू यायला लागली.

ॲलेककाकांची चाल सगळ्यात सोपी. डावा खांदा किंचित खाली, पावलं मोजूनमापून. काका मी मनातच म्हणायचे. तोंडावर सगळे ॲलेकच म्हणायचे आणि मीही, पण माझं मनातलं बोलणं मात्र कायम अहो-जाहोतलं. साठी ओलांडलेली, वडील गोदीत जहाजं बांधायचे, आणि ते स्वतः आमच्या भट्टीच्या नळ्या धुवायचे. वेफर ज्या भट्टीत भाजतात तिच्या आत क्वार्ट्झची एक नळी असते, माणसाच्या उंचीची, काचेहून नितळ. ठरावीक दिवसांनी ती काढायची, यार्डाच्या पलीकडच्या शेडमध्ये ॲसिडमध्ये धुवायची, वाळवायची, पिशवीत घालून ट्रॉलीवरून परत आणायची. काका ती नळी दोन्ही हातांवर अशी घ्यायचे की बारशाला बाळ घेतलंय असं वाटावं. हात केवढे, तर माझे दोन हात त्यांच्या एका पंजात मावतील. वीस वर्षांत त्या हातांतून एक नळी फुटली नव्हती. मला ते "हेन" म्हणायचे. ग्लासगोत प्रेमाने बाईला हेन म्हणतात, आपण "पोरी" म्हणतो ना, तसं. डॉक्टरेट मिळवलेल्या, तीस माणसांच्या टीमला टेक्नॉलॉजी शिकवायला आणलेल्या बाईला भर मीटिंगमध्ये "ते तसं नाही, हेन" म्हणणारा माणूस. मला आधी राग यायचा. मग लक्षात आलं की दर वेळी ते खरंच तसं नसायचं.

आता पिशवीबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण त्यात माझी सगळी जात, माझं सगळं घर आहे.

मी चिंचवडची. दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, उलट्या करून नळाच्या तोटीला वाळत घालणाऱ्या आईची मुलगी. आमच्या घरी पिशव्यांची एक पिशवी होती आणि त्या पिशवीतही एक घडी केलेली पिशवी होती. आजही माझ्या ग्लासगोच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली ती आहे, नवरा सुहास तिला म्युझियम म्हणतो. तर अशी मी फॅबमध्ये आले आणि काय बघते? धुतलेली नळी एका नव्या कोऱ्या पिशवीत घालतात आणि ती पिशवी दुसऱ्या नव्या कोऱ्या पिशवीत घालतात. यार्ड ओलांडलं की बाहेरची फॅबच्या दारातल्या बोळातच उतरवून फेकून देतात, आतली भट्टीपाशी उतरवून फेकतात. दर वेळी! नळीच्या मापाच्या, लांबच लांब, जाड, सुंदर पिशव्या! माझ्या पोटात तुटायचं हो.

त्या वर्षी मे महिन्यात कंपनीने प्लास्टिक कमी करायची मोहीम काढली आणि मी तर त्या दिवसाची वाटच बघत होते. एक पिशवी पुरे, असं मी मांडलं. बोळात ती पुसून घ्यायची, भट्टीपाशी उतरवायची, आणि पुढच्या नळीला तीच. चाचण्या घेतल्या. मे, जून, जुलै, सगळे आकडे चोख. ॲलेककाका तेवढे म्हणाले, "दोन पिशव्या माझ्याही आधीपासून चालत आल्यात, हेन. कोणीतरी काहीतरी बघूनच केल्या असतील." मी हसून म्हटलं, "कोणी बघितलं, काय बघितलं, लिहून ठेवलंय?" नव्हतं लिहिलेलं. मला प्रमाणपत्र मिळालं. आमची साइट हेड फिओना, तिने ते फ्रेम करून स्वतःच्या ऑफिसबाहेर लावलं. मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला, आईने सोसायटीभर दाखवला.

आणि मग ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या चिप नापास व्हायला लागल्या.

सगळ्या नव्हे. एखादा लॉट, म्हणजे वेफरचा एक घाणा, उत्तम, पुढचा पार वाया. चिप गरम करून, तिच्यावर व्होल्टेज ठेवून, काही तासांनी पुन्हा मोजतात. उघडायचा आणि मिटायचा तिचा जो बिंदू तो जागचा हलता कामा नये. ग्राफवर सरळ आडवी रेघ दिसली पाहिजे. आमची रेघ बागेतल्या घसरगुंडीसारखी खाली यायची. कारण काय, हे कॉलेजातलं पोरही सांगेल: सोडियम. मिठातला असतो तोच. त्याचा अगदी लेशही भट्टीत शिरला की तो चिपच्या आतल्या पातळ थरात जाऊन बसतो आणि गरम झाला की हिंडायला लागतो. प्रश्न एवढाच होता की तो येतोय कुठून. पाणी तपासलं, ॲसिड तपासलं, गॅस तपासला, साबणसुद्धा बदलला. पिशवी कोणी तपासली नाही. सहा महिने चाललेली, प्रमाणपत्र मिळालेली गोष्ट कोण तपासणार? मीसुद्धा नाही.

टांगती तलवार अशी, की गाड्या बनवणारी जी बडी कंपनी आमच्या चिप घेणार होती तिने नाताळपर्यंतची मुदत दिली होती. लागोपाठ तीन लॉट निर्दोष दाखवा, नाहीतर आम्ही या चिपची लाइन दुसऱ्या देशातल्या फॅबला देतो. लाइन गेली की टेकडीखालच्या त्या इमारतीत फक्त मेंढ्याच चरायला यायच्या.

अशा वेळी माणसं यंत्रांकडून माणसांकडे वळतात. कोणाच्या तरी लक्षात आलं की खराब लॉट नळी बदलल्यानंतरचे आहेत. नळी कोण धुतं? ॲलेक. घामात मीठ असतं. ॲलेक हातमोजे नीट घालतो का? वय झालंय आता. एका मीटिंगमध्ये फिओना म्हणाली, नळ्या धुवायचं काम बाहेरच्या कंपनीला देऊ आणि ॲलेकला ख्रिसमसआधी निरोप देऊ. मी समोर बसले होते. गप्प बसले होते. हे लिहिताना आजही कान तापतात माझे.

दर दिवाळीला मी टीमला फराळाला बोलावते. शनिवारी दुपारी, उजेड आहे तोवर. त्या वर्षी एकेकाचे निरोप आले, सर्दी झालीय, सासू आलीय, गाडी बंद आहे. आले फक्त ॲलेककाका. बायकोच्या, जीनच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून ती घरी, पण तिने शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा पाठवलेला. आमच्या घरी बूट पोर्चमध्ये काढायचे हा नियम त्यांना पाठ होता. ते मोज्यांवर आत आले, इराने त्यांच्यापुढे चकलीचं ताट ठेवलं, "ॲलेक आजोबा, ही तिखट नाही आहे, तू खा." एरवी पाच चकल्या खाणारा माणूस त्या दिवशी एक घेऊन बसला. आणि मग माझ्या लक्षात आलं की ते हात टेबलाखाली ठेवताहेत.

सुहास चहा आणायला उठला तेव्हा ते हळूच म्हणाले, "खरं सांग, हेन. माझ्या हातांमुळे होतंय का? जीन रोज विचारते आज काय झालं, आणि मी तिला माझे हात दाखवतो. दिवसाला दहादा धुतो."

"मला माहीत नाही," एवढंच आलं तोंडातून.

निघताना त्यांनी पोर्चमध्ये बूट उचलले. काळ्या पायपुसण्यावर दोन तळव्यांचे पांढरे ठसे उमटलेले, कडा अगदी रांगोळीसारख्या रेखीव. मी विचारलं, "हे काय?"

"मीठ," ते लेस बांधत म्हणाले. "बर्फ धरू नये म्हणून टाकतात ना. आपल्या यार्डातही या थंडीत सकाळी सकाळी टाकतात. ट्रॉलीची चाकं नुसती करकरतात."

ते गेले आणि मी दारातल्या पायरीवर बसले. थंडीत, बिनकोटाची. यार्ड. ट्रॉली. पिशवी. एकच पिशवी! चाकांनी उडवलेलं खारट पाणी पिशवीवर बसतं, वाळतं, बोळात कितीही पुसा, घड्यांमध्ये राहतं, आणि तीच पिशवी भट्टीच्या तोंडाशी उघडते. मे महिन्यात स्कॉटलंडच्या रस्त्यावर मीठ नसतं, म्हणून माझे आकडे चोख. त्या दोन पिशव्या ज्या कोणी सुरू केल्या त्याने हिवाळा बघितला होता. मी उन्हाळा बघून शहाणपणा केला.

सुहास बाहेर आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं मग सोपं आहे. सोमवारी गुपचूप दुसरी पिशवी चढव. रेघ सरळ होईल, सगळे खूश. कशाला स्वतःचं नाव घेतेस?"

"आणि काका?"

मी त्याच्यावर असं काही तोंड टाकलं की विचारू नका. खरं तर पायरीवर बसल्या बसल्या मीही दोन मिनिटं हाच विचार केला होता, म्हणून जास्त चिडले.

सोमवारी पिशवीच्या घडीतून ओल्या कापडाने नमुना घेतला आणि लॅबमध्ये स्वतः नेऊन दिला. दुपारच्या आत उत्तर आलं: मीठच मीठ. मी सरळ फिओनाच्या ऑफिसात गेले आणि सांगितलं, दोष ॲलेकच्या हातांचा नाही, माझ्या डोक्याचा आहे.

ती म्हणाली, "तुझं प्रमाणपत्र माझ्या दाराबाहेर आहे."

"उतरव ते."

"उतरवीन. दोन पिशव्या आजपासून चालू. आणि नळ्या धुणारी कंपनी पण पुढच्या सोमवारपासून येऊ दे. आता धोका नको."

इथे माझं डोकं फिरलं. अख्खा कॉरिडॉर ऐकत होता म्हणे. "दोन औषधं एकदम दिली तर कशाने बरं वाटलं ते कोणाला कळणार? एकच गोष्ट बदलायची, फिओना! पिशवी. नळी तीच, ॲसिड तेच, हात तेच. ॲलेकचेच हात. नाहीतर उद्या रेघ सरळ आली तरी लोक म्हणत राहतील की म्हातारा गेला म्हणून सुधारलं."

"आणि तीनपैकी एक जरी लॉट गेला तर?"

"तर ॲलेकबरोबर मीही जाते."

"लेखी दे," ती म्हणाली. मी दिलं. सही झोकदार आली.

टेक्नॉलॉजी सांभाळणं म्हणजे काय, असं मला नवीन मुलं विचारतात. बाथ शहरातून येतात, पुण्याहून येतात, हुशार असतात, माझ्यापेक्षा कितीतरी पटीने. त्यांना वाटतं ती सगळी भट्टीच्या तापमानात आणि गॅसच्या मापात असते. असतेच. पण त्याहून जास्त ती कोण कुठली वस्तू कुठे टेकवतो, कुठल्या दारातून आणतो, काय पुसतो, यात असते. हे कुठेच लिहिलेलं नसतं, ते हातांत असतं. म्हणून आता आमच्याकडे नियम आहे, एखादी पद्धत मोडायची तर ती चारही ऋतूंतून काढून दाखवायची. आणि कारण माहीत नसेल तर जुन्या माणसाला आधी चहा पाजायचा. दोन्ही नियमांवर माझी सही आहे.

मग सुरू झाला तो डिसेंबर! मी हट्टाने सांगितलं, नळ्या न्यायच्या त्या दव गोठलेल्या सकाळीच, यार्डात भरपूर मीठ असताना. पहिल्या दिवशी टेकडी पांढरी, मेंढ्यांच्या तोंडातून वाफा, आकाश निळंशार. काका ट्रॉली ढकलताहेत, मी शेजारून चालतेय, चाकांखाली मीठ कुरकुरतंय. बोळात बाहेरची पिशवी उतरवली तर तिच्यावर राखेसारखा खारट थर. आतली बघितली, स्वच्छ! अशी स्वच्छ की मला तिची दृष्ट काढावीशी वाटली. बाहेरची फेकताना, शप्पथ सांगते, पहिल्यांदाच माझा हात अडखळला नाही. फेकली! दुसऱ्या लॉटच्या वेळी तर मी मीठ टाकणाऱ्या माणसाला म्हटलं, हात आखडता घेऊ नकोस, टाक अजून. तो माझ्याकडे बघतच राहिला.

काकांनी त्या दिवसांत कधी काही विचारलं नाही. फक्त आत जायच्या आधी हातमोज्यांवर दुसरे हातमोजे चढवायचे. मी म्हटलं, "नको. एकच जोडी. नेहमीसारखी." त्यांनी वरचे काढले.

निकालाचा दिवस नाताळच्या आधीच्या आठवड्यातला. सकाळी दहा. मीटिंगरूममध्ये फिओना, आम्ही सगळे, भिंतीवरच्या स्क्रीनवर गाड्यांच्या कंपनीचा इंजिनिअर, चेहरा परीक्षकाचा. ॲलेककाका मागे दाराशी, धुलाईच्या शेडमधला सूट अंगातच, टोपी हातात. पहिल्या लॉटचा ग्राफ उघडला. आडवी रेघ. दुसऱ्याचा उघडला, आडवी. तिसऱ्याची फाइल उघडायला इतका वेळ लागला की मला वाटलं आता मीच स्क्रीनमध्ये शिरते.

सरळ! पट्टीने आखावी तशी सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत! पलीकडचा इंजिनिअर चष्मा काढून म्हणाला, "लाइन तुमच्याकडेच राहतेय," आणि मी मराठीत किंचाळले, "जिंकलो!" त्या खोलीत मराठी कळणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं, पण सगळे उठले, टेबलं बडवायला लागले, फिओनाने मला मिठीच मारली. ती रडत होती. मीही रडत होते, हसतही होते, आणि शहाण्या माणसासारखं वागायचं तेवढं राहून गेलं होतं.

भानावर आल्यावर मागे बघितलं तर दाराशी काका नव्हते. कॉरिडॉरमध्ये नव्हते. मी धावत चेंजिंगरूमकडे गेले. ते तिथल्या बाकावर पाठमोरे बसले होते, सूट कंबरेपर्यंत उतरवलेला, एका हातात कानाला लावलेला फोन, आणि दुसरा हात समोर धरून, उलटासुलटा करत, ते त्याच्याकडे बघत होते. मी दारातच थांबले.

"जीन," ते म्हणत होते, "तिन्ही पास झाले. नळ्या मीच धुतल्या होत्या गं. याच हातांनी."